गुडघ्याचे ऑपरेशन : तारीख कोणी ठरवायची?

'ढोपरां दुखतत' ही तक्रार ऐकू येत नाही असे घर आपल्या जिल्ह्यात मिळणे कठीण. पन्नाशी उलटली की प्रथम जिना चढताना, मग उतरताना आणि पुढे रात्री कूस बदलतानाही गुडघा दुखू लागतो. त्यातून आपल्याकडची कामेच अशी, की गुडघ्याला उसंत नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकायचे, बाजारात मासळीच्या पाटीपुढे तासन् तास उकिडवे बसायचे, विळीवर बसून नारळ खवायचा, काजूच्या बागेत उठत-बसत बिया गोळा करायच्या आणि डोक्यावर भारा घेऊन घाटी चढायची. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता ही सांधा झिजण्याची मुख्य कारणे आहेत. वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेली कामे त्यात भर घालतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दुखणे अधिक आढळते.

मग एक दिवस अस्थिरोगतज्ज्ञ एक्स-रे पाहून 'ऑपरेशन' हा शब्द उच्चारतात आणि घरात दोन तट पडतात. एकजण सांगतो, वाडीतल्या अमक्या काकी ऑपरेशननंतर जत्रेला चालत जाऊन आल्या. दुसरा सांगतो, तमक्या मावशींचा पाय ऑपरेशननंतर वाकतच नाही. गंमत अशी, की दोघांचेही खरे असते. गुडघ्याचे ऑपरेशन चांगले की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणते ऑपरेशन, कोणासाठी, कधी आणि त्यानंतरचे तीन महिने कोण सांभाळणार, हे चार प्रश्न विचारले तर उत्तर सापडते. आपल्याकडे पहिल्या तीन प्रश्नांवर थोडीफार चर्चा होते. चौथा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही, आणि अनेक चांगली ऑपरेशने तेथेच वाया जातात.

झीज म्हणजे काय?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर फिरते. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. त्यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात आणि वंगणासारखा द्रव असतो. कूर्चा झिजली की हाडाच्या कडा वाढतात, सांधा सुजतो, पाय हळूहळू धनुष्यासारखा बाहेर वाकतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजतागायत निघालेले नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या अनेकजण वर्षानुवर्षे घेतात. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली व २००६ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकंदर रुग्णांत या गोळ्या नुसत्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. वातावरच्या निनावी पुड्यांपासून तर दूरच राहावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. चार दिवस बरे वाटते. पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्याने जठर आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

दुर्बिणीने 'साफ' करणे

'दुर्बिणीतून गुडघा धुऊन घेतो, मोठे ऑपरेशन टळेल' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. छोटी छिद्रे, एक दिवसाचा मुक्काम आणि खर्चही कमी, म्हणून मोह होतो. पण वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याला याचा उपयोग किती?

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर याची कसोटी घेतली गेली. काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला आणि काहींच्या केवळ कातडीवर छेद देऊन टाके घातले. आपल्याला काय केले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर फाटलेल्या गादीचा तुकडा कापण्याची अशीच परीक्षा झाली. २०१३ मध्ये तिचाही निष्कर्ष तोच निघाला. अखेर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून स्पष्ट सल्ला दिला, की झिजेच्या गुडघेदुखीत जवळजवळ कोणत्याही रुग्णाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये.

याचा अर्थ दुर्बीण निरुपयोगी आहे असा नव्हे. कबड्डी खेळताना किंवा मोटारसायकलवरून पडून तरुणाचा गुडघ्यातील अस्थिबंध तुटला, गादी फाटून गुडघा एका जागी अडकून बसला, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया फार मोलाची असते. पण साठीच्या आजीचा झिजलेला सांधा धुऊन नवा होत नाही. एम.आर.आय.च्या कागदावर 'गादी फाटली' असे लिहून आले म्हणून घाबरून जाऊ नये. उतारवयात, अजिबात दुखत नसलेल्या गुडघ्यांतही अशी फाटलेली गादी पुष्कळदा दिसते.

सांधा बदलणे : भीती आणि वस्तुस्थिती

सांधेबदल शस्त्रक्रिया महाराष्ट्रात घराघरात माहीत झाली ती पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला गेला आणि जून २००१ मध्ये तेथेच उजवा. शस्त्रक्रिया केली ती न्यूयॉर्कहून आलेले, मूळचे भारतीय असलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज म्हणता येईल असा सांधा १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम बसविला गेला. तो घडविणाऱ्या चमूत डॉ. राणावत होते. वाजपेयी त्यानंतर २००४ पर्यंत पंतप्रधानपदावर राहिले.

या उदाहरणातून घेण्यासारखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. देशाच्या पंतप्रधानाचे दोन्ही गुडघे एकदम बदलले नाहीत, मध्ये आठ महिने जाऊ दिले. आपल्याकडे मात्र 'एकाच खर्चात, एकाच रजेत दोन्ही उरकून टाका' असा आग्रह नातेवाईकच धरतात. निरोगी माणसात दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलता येतात. पण वय जास्त, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर त्यात धोका वाढतो. तो निर्णय हृदयाची तपासणी पाहून डॉक्टरांनी घ्यावा, रजेचा अर्ज पाहून नव्हे.

सांधा बदलतात म्हणजे अख्खा गुडघा काढून टाकतात, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही हाडांच्या झिजलेल्या टोकांचा साधारण एक सेंटिमीटरचा थर कापून त्यावर धातूचे आवरण बसवितात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती घालतात. स्नायू आणि बाजूचे अस्थिबंध आपलेच राहतात. म्हणूनच नवा सांधा चालवायचा तो जुन्याच स्नायूंनी. हे एक वाक्य प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे.

परिणामकारकतेचे आकडे आशादायक आहेत. परदेशांत बसविलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद ठेवली जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा नोंदींवरून, पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात असे दिसते. 'दहा वर्षांत पुन्हा करावे लागते' ही भीती त्यामुळे बाजूला ठेवायला हरकत नाही. मात्र वय महत्त्वाचे. इंग्लंडमधील २०१७ च्या एका पाहणीनुसार सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांपैकी हयातीत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे पाच टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीलाच बदलून घेणाऱ्या पुरुषांत ती सुमारे ३५ टक्के होती. तरुण वयात, एकाच बाजूची झीज असेल तर नडगीचे हाड सरळ करून भार दुसऱ्या बाजूला वळविणे किंवा अर्धाच सांधा बदलणे, हे पर्यायही विचारून घ्यावेत.

आता दुसरी बाजू. सांधा बदलून घेतलेल्या दर पाचजणांपैकी सुमारे एकजण निकालावर समाधानी नसतो. शंभरात एखाद-दुसऱ्या गुडघ्यात जंतुसंसर्ग होतो आणि तो झाला की उपचार लांबतात. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. आणि नवा गुडघा साधारणपणे ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीत बसायला, जिना चढायला एवढे पुरेसे आहे. पण उकिडवे बसायला, मांडी घालायला किंवा नमाजासाठी गुडघे टेकायला ते बहुधा पुरत नाही. ऑपरेशननंतर पुन्हा लावणीला उतरेन, बाजारात पाटीपुढे उकिडवी बसेन, अशी आशा कोणी मनात धरली असेल तर ती आधीच बोलून घ्यावी. नाराजांपैकी बऱ्याचजणांची अपेक्षा आणि सांध्याची क्षमता यांचा मेळ आधी घातलेलाच नसतो.

घाई नको, उशीरही नको

डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सांधाबदल व त्यानंतर बारा आठवडे व्यायाम, वजनाबाबत सल्ला आणि औषधे दिली. उरलेल्यांना शस्त्रक्रियेवाचून बाकीचे सारे दिले. एका वर्षाने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८५ टक्क्यांना, तर न झालेल्यांपैकी ६८ टक्क्यांना जाणवण्याजोगा आराम पडला. गंभीर त्रास मात्र शस्त्रक्रियेच्या गटात अधिक झाले. दुसऱ्या गटातील सुमारे चौथ्या हिश्श्यानेच वर्षभरात ऑपरेशन करून घेतले. म्हणजे शस्त्रक्रिया अधिक गुणकारी आहे हे खरेच, पण नेटाने केलेल्या व्यायामाने बऱ्याचजणांचे ऑपरेशन निदान पुढे ढकलले जाते हेही तितकेच खरे.

म्हणून आधी तीन ते सहा महिने मनापासून प्रयत्न करावेत. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करावा, मनात दहा अंक मोजेपर्यंत धरावा आणि खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून तीनदा. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी वापरण्यात कमीपणा मानू नये. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

हे सर्व करूनही रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, चालणे घर आणि अंगण एवढ्यावर आले असेल आणि उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेले दिसत असेल, तर ऑपरेशनला भिऊ नये. नुसता एक्स-रे वाईट आणि दुखणे बेताचे असेल तर घाई करू नये. फोटोवर ऑपरेशन करायचे नसते, माणसावर करायचे असते.

आपल्या बायकांच्या बाबतीत मात्र उशीरच जास्त होतो. 'एवढी लावणी होऊंदे', 'एवढा चेडवाचा लगीन होऊंदे' करीत दहा वर्षे जातात. तोवर पाय वाकडा होतो, मांडीचे स्नायू सुकतात. स्नायू जितके दुबळे, तितका नव्या सांध्याचा फायदा कमी मिळतो. दुखणे सोसणे हा काही आईपणाचा दाखला नव्हे.

चाकरमान्यांची रजा

आता तो चौथा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात आईच्या ऑपरेशनची तारीख बहुतेक वेळा मुंबईच्या मुलाच्या रजेवर ठरते. मे महिन्यात तो गावी येतो, आईला दाखवतो, घाईघाईने ऑपरेशन होते, पंधरा दिवसांनी टाके निघतात आणि मुलाची रजा संपते. किंवा गणपती झाल्यावर आई त्याच्याबरोबर मुंबईला जाते, ऑपरेशन होते आणि 'तिका हयसर करमणा नाय' म्हणून महिन्याच्या आत रात्रभराचा प्रवास करून परत येते. मुलगा वाईट नसतो. त्याने पैसे उभे केलेले असतात, रुग्णालयात रात्री जागून काढलेल्या असतात. पण टाके निघाले म्हणजे काम संपले, असे त्याला वाटते. वास्तविक खरे काम तेव्हा सुरू झालेले असते.

नव्या गुडघ्याला वाकण्याची सवय पहिल्या सहा आठवड्यांत लावावी लागते. दुखते म्हणून पाय हलविला नाही तर आत व्रण धरतो आणि सांधा आखडतो. सहा आठवड्यांत गुडघा काटकोनात वाकला नाही तर शल्यचिकित्सकांना ताबडतोब दाखवावे. त्या सुमारास भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करता येतो, फार उशीर झाला की ते साधत नाही. मायेपोटी गुडघ्याखाली उशी ठेवण्याची पद्धत तर हमखास चुकीची. तिने पाय सरळ होणे बंद होते. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी. तेल लावून मालिश आणि शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. जखमेतून पाणी आले, ताप आला, पोटरी सुजली तर घरी गोळ्या घेत न बसता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जावे. अचानक दम लागला तर मात्र वेळ न घालविता जवळचे रुग्णालय गाठावे.

हे सारे करवून घ्यायला माणूस लागतो. आचरा, मसुरे, चौके, देवबाग अशा गावांत फिजिओथेरपिस्ट रोज घरी येईल ही अपेक्षा व्यर्थ. म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वीच घरातील एका माणसाने व्यायाम शिकून घ्यावेत, शक्य तर मोबाइलवर त्यांचे चित्रण करून घ्यावे. तो माणूस सून असेल, नात असेल किंवा शेजारीण असेल. पण तो ठरलेला असावा, आणि सहा आठवडे राहणारा असावा. असा माणूस नक्की होत नसेल तर तारीख पुढे ढकलावी. गुडघ्याची झीज हे काही अपेंडिक्स नव्हे, दोन-तीन महिने थांबल्याने जीव जात नाही.

आणि तारीख कोणती? मला विचाराल तर भातकापणी आटोपल्यावर, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा अंगण कोरडे असते, पायऱ्यांवर शेवाळ नसते आणि काठी किंवा वॉकर घेऊन दारात फेऱ्या मारता येतात. मेच्या अखेरीस ऑपरेशन झाले तर नेमके चालायचे सहा आठवडे मृगाच्या पावसात जातात. निसरड्या जांभ्यावर पाय घसरण्याच्या भीतीने माणूस खाटेवरून उठत नाही. शिवाय पावसाळ्यात बायकांच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी खाल्लेल्या असतात. अशी उघडी त्वचा, किडलेला दात, लघवीचा जंतुसंसर्ग आणि आटोक्यात नसलेला मधुमेह, हे सारे ऑपरेशनपूर्वी बरे करावे लागते, नाहीतर संसर्गाचा धोका वाढतो.

घराचीही तयारी हवी. भारतीय पद्धतीच्या संडासात नवा गुडघा घेऊन बसता येत नाही. कमोड बसवावा, निदान कमोडची खुर्ची आणावी आणि भिंतीला धरायला दांडा लावावा. खाट गुडघ्याच्या उंचीची असावी. स्वयंपाक ओट्यावर आणावा आणि विळीची जागा सुरीने घ्यावी. ऑपरेशनवर लाखभर रुपये खर्च करणारी घरे संडासातल्या दांड्यावर अडतात, हे बरे नव्हे.

खर्चाचे दोन शब्द

कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तोपर्यंत सरासरी १,५८,३२४ रुपये छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सर्वसाधारण सांधा त्यावेळी कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. ही मर्यादा पुढेही वेळोवेळी चालू ठेवण्यात आली. मात्र ती केवळ सांध्याच्या किमतीवर आहे. खोली, भूल आणि शस्त्रक्रिया यांचे दर रुग्णालय ठरविते. म्हणून सांध्याची रक्कम बिलात वेगळी दाखवायला सांगावी आणि सांध्याच्या खोक्यावरील चिकटपट्टी आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावी. पुढे कधी गरज पडली तर ती उपयोगी येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ही शस्त्रक्रिया होते का, आणि त्या रुग्णालयाला तशी मान्यता आहे का, याची चौकशी प्रथम आरोग्यमित्राकडे करावी. ओरोसला, कोल्हापूरला, बेळगावला, बांबोळीला की मुंबईला जावे, हे ठरविताना रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. तेथील डॉक्टर ही शस्त्रक्रिया नियमित करतात का, आणि सहा आठवड्यांत तीन वेळा दाखवायला आपण तेथे जाऊ शकतो का?

तात्पर्य, झिजलेल्या गुडघ्यावर दुर्बिणीचा मोह धरू नये, योग्य वेळी सांधा बदलायला भिऊ नये आणि त्या आधी व्यायामाला नाक मुरडू नये. राहता राहिली तारीख. ज्या पायाने चालायचे त्या पायाच्या मालकिणीला विचारून ती ठरवावी. तिला किती दुखते, तिला काय करता यायला हवे आणि तिच्याजवळ कोण राहणार, हे घरातल्या सर्वांनी एकदा शांतपणे बसून बोलावे. रजा त्यानंतर टाकावी, आणि शक्य झाले तर ती ऑपरेशनच्या दिवसासाठी राखण्यापेक्षा आई घरी परतल्यावरच्या दिवसांसाठी राखावी.